गळाचं मूल

चिबादुयुत, बांडुंग
९ मार्च १९९८

प्रिय लिलिसताई,

सलाम. आईचे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही तिघं ठीक. तुझी तिती आता मला बाबाच म्हणते आणि माशातले काटे मीच काढून द्यावेत म्हणून अडून बसते.

आईचा निरोप पोचला. दुसऱ्याचं मूल घरात खेळलं की आपलंही ओढलं जातं, असं म्हणून तूच तितीला माझ्या कडेवर दिलीस, गळाचं मूल म्हणून. त्याला दोन वर्षं झाली. गळाला काही लागलं नाही, म्हणजे माझ्या बायकोतच, इमासमध्येच खोट, तिला मोकळं कर, असं आई म्हणते. गारुतच्या त्या विधवेशी लग्न कर, ती दोन पोरांची आई, म्हणजे खात्रीची म्हणे. आई बाईबद्दल बोलते की म्हशीबद्दल?

माझं काम तेच, बुटांचे तळ चिकटवायचे. वाऱ्याने सोल्युशन लवकर सुकतं, म्हणून खिडक्या बंद. दुपारपर्यंत डोकं गरगरतं. पाऊस बरा आहे.

ताई, मी भलतंच लिहीत बसलोय. मी दवाखान्यात तपासून आलो. खोट माझ्यात आहे. शुक्राणू फार कमी, आणि आहेत तेही सुस्त. डॉक्टरांनी आधी कामच विचारलं. म्हणाले, "त्या सोल्युशनची वाफ नाकातून रक्तात जाते. त्यानेच झालं असं छातीठोक सांगत नाही, पण चार महिने लांब राहा, मग पुन्हा बघू."

ओहानकाका माझ्या शेजारीच बसून चिकटवतात. ते हसले. "तीस वर्षं हाच वास घेतोय, मला सात पोरं. दूध पीत जा, दूध सगळं धुऊन काढतं." दूध तर मीही रोज पितो. मग मलाच का? खरं कोणाचं मानू? आणि काम सोडलं तर मला दुसरं येतं तरी काय? काही सुचत नाही, ताई.

खरी लाज तर पुढेच आहे. रिपोर्ट येऊन अकरा दिवस झाले. इमास रोज सकाळी नाक दाबून मूल होण्यासाठीचा तो कडू काढा पिते आणि मी समोर बसून बघतो. काल म्हणाली, "तुमच्यासाठी एवढंही करू नये का मी?" तरी माझं तोंड उघडलं नाही. इतका भित्रा असेन असं वाटलं नव्हतं.

हे आईला तूच वाचून दाखव. त्या विधवेचं नाव पुन्हा काढू नका. तितीला यापुढे गळ म्हणू नका, आणि मूल झालं नाही तरी तिला परत मागू नकोस. एवढं मागायचा मला हक्क नाही, तरी मागतो.

इमासला तोंडाने सांगणं जमत नाही. म्हणून हे पत्र टपालात टाकायला तिच्याच हाती देतोय, पाकीट उघडं ठेवून. वाच म्हणणार आहे, एवढं तरी म्हणेन. तुला पोचलं, तर समज की तिने वाचलं आणि तरीही टाकलं.

तुझ्याआधी तिच्या उत्तराची वाट बघणारा,
तुझा भाऊ
ओदांग