डांबरावरचे बर्फाचे टायर

घनसावंगी
५ नोव्हेंबर १९९५

चि. भाऊ साहेबराव यास बेबीताईचा जयभीम.

इथं समदे खुशाल हायेत. तू लिव्हलं की तिकडं लडाखला आत्ताच नळाचं पाणी गोठून राह्यलंय. इथं अजून दुपारी पंखा लागतो. धावड्याहून आई येऊन गेली, गुडघे सोडले तर बराबर हाये. सुजाता पहिलीत गेली. मामाचं चित्र काढते, बर्फाचा डोंगर अन् मिलिटरीची गाडी, अन् गाडीपेक्षा मामाच्या मिशा मोठ्या.

आता तुझ्या दाजींची बातमी. तू उन्हाळ्यात सुटीवर आल्ता तवा ओट्यावर बसून सांगितलंस, की बर्फावर तुमच्या गाड्यांचे टायर निराळेच असतेत, खोल नक्षीचे, अन् भिंतीला पाल चिकटावी तशी गाडी रस्त्याला धरून राहती. दाजी चहा प्यायचं विसरून ऐकत होते. तू गेलास अन् पंधरवड्यात ह्ये औरंगाबादच्या जुन्या टायरवाल्याकडून आपल्या पॅसेंजरच्या जीपीला तसलेच चार टायर घेऊन आले, हिमाचलकडच्या कुणाच्यातरी जीपीचे. मी म्हणलं, आपल्याकडं बर्फ फक्त रसवंतीवर दिसतो, ह्ये कशाला? तर म्हणे, चिखल अन् बर्फ भाऊभाऊच.

खोटं कशाला बोलू, पावसाळाभर त्या टायरान्नी कमाल केली. गोदाकाठच्या गावांचा काळ्या मातीचा रस्ता तुला माहीत हाये. तिथं बाकीच्या जीपी बुडापर्यंत रुतून बसल्या अन् आपली सरळ निघून आली. वरच्या आळीतल्या केशरबाईच्या सुनेला भर पावसात कळा सुटल्या, तिला अंबडच्या दवाखान्यात ह्यान्नीच पोचवलं. पोरगी झाली. केशरबाई नारळ घेऊन आपल्या दारात आली अन् ओट्यावर बसून चहा प्याली. साहेबराव, केशरबाई आपल्या घरचा चहा प्याली. पहिलं स्टँडवर आपली जीप सगळ्यात शेवटी भरायची, का ते तुला सांगायला नको. आता माणसं बाकीच्या जीपी सोडून 'बर्फवाल्या'ची वाट बघत उभी राहतेत. दाजी रोज इस्तरीचा शर्ट घालून राह्यलेत.

एक सहज विचारते, मी विचारलं म्हणून त्यान्ला कळवू नको. आता पाऊस सरला, रस्ते वाळले. अंबडच्या पुढं जालन्याच्या डांबरी हायवेला लागलं की जीप सारखी घुमते, कानाशी भुंगा आल्यावानी. अन् जोरात असली की मागचं अंग डुलल्यासारखं वाटतं. मी एकदाच एकटी गेल्ते, दवाखान्याला, मागच्या गर्दीत बसून. माझाच वहम असंल. तिकडं तुमच्या गाड्या डांबरावर आल्या की ह्ये टायर कसे चालतेत?

हातमोजे घालत जा. लहानपणापासून तुला काई ना काई हरवायची सवय हाये.

तुझी
बेबीताई


घनसावंगी
१८ फेब्रुवारी १९९६

चि. साहेबराव यास जयभीम.

तुझं पत्र लई उशिरा आलं, वाटेत बर्फात अडकलं असंल. तू दाजींच्या नावानंच लिव्हलंस अन् मी विचारलं ते कळू दिलं न्हाईस, तेवढा शहाणा हायेस.

पण ऐक काय झालं. पत्राच्या वरच्या अर्ध्यात तू लिव्हलंस, बर्फात अन् चिखलात ह्या टायरांसारखी पकड दुसऱ्या कशाची न्हाई, दाजी, तुमची पारख मानली. खालच्या अर्ध्यात लिव्हलंस, की ह्येंचं रबर थंडीत कडक पडू नये म्हणून मुद्दाम नरम ठेवतेत. तापल्या डांबरावर ते जास्तच मऊ होतं, नक्षीचे ठोकळे वाकतेत, स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी उशिरा ऐकती, अन् ब्रेक दाबला की लांब जाऊन थांबती, तवा उन्हाळ्याच्या आधी काढून ठेवा. दाजी ते पत्र घेऊन स्टँडवर गेले. समद्या ड्रायव्हरांपुढं अन् पॅसेंजरांपुढं वरचा अर्धा मोठ्यानं वाचला, मिलिटरीतल्या माणसाचं पत्र म्हणून. मंग घडी घालून खिशात ठेवलं. तुझ्या पत्रानं जीप आणखीच जल्दी भरायला लागली.

घरी मी म्हणलं, खालचं न्हाई वाचलं? तर म्हणले, "साहेबराव सरकारी गाडी हाकतो, तिथं भ्या घालूनच शिकवतेत. तिथं दऱ्या हायेत. इथं काय हाये, सपाट रान." अन् पेंटरला सांगून जीपीच्या मागं मोठ्या अक्षरात 'लडाख' लिहून घेतलं, तुझ्या मानासाठी. मला हसावं का रडावं कळंना.

तुझे दाजी वाईट न्हाईत रे, तू जाणतोस. पिणं न्हाई, शिवी न्हाई. मी लई मागं लागले तवा जेवता जेवता ताटाकडं बघून एकदाच बोलले, "साधे टायर लावले की मी पुन्हा शेवटचा." मी भाकरी वाढली.

बाकी, मी आता रोज जालन्याला जाऊन राह्यले. शिवणक्लास लावलाय. आपल्याच जीपीत पुढच्या सीटवर बसून जाते. सुजाता सासूबाईजवळ राहती. ब्लाउज जमायला लागलंय, तुझं लगीन ठरलं की नवरीचे मीच शिवीन.

तब्येतीला जप.

तुझी
बेबीताई


घनसावंगी
१ मे १९९६

चि. साहेबराव यास जयभीम.

आई बरी हाये. ऊन असं हाये की दुपारी डांबराला चप्पल चिकटती. तुझी सुटी दिवाळीच्या पुढं गेली म्हणून कळलं. मी तर तू ह्या महिन्यात येशील म्हणून पापड करून ठेवल्ते.

मागच्या पत्रात शिवणक्लासचं लिव्हलं ते खोटं हाये. क्लास बिलकुल न्हाई. मी जालन्यात उतरते, स्टँडच्या बाकावर बसून राहते, डबा खाते अन् संध्याकाळी त्यांच्याच जीपीत परत येते. बाया इचारतेत, कुणाची वाट बघता? मी म्हणते, मालकाची. का जाते, तर मी शेजारी बसले की ते गाडी दमानं हाकायचे. रस्ता वाळल्यापासून मला त्या गाडीचं भ्या वाटतं, रोज वाटतं, अन् तेवढं एकच माझ्या हातात होतं.

होतं म्हणून लिव्हते, कारण आता त्यान्ला माझी सवय झाली. पहिले काई दिवस काटा बघून चालवायचे, आता मी हाये ते विसरून जातेत. मागच्या आठवड्यात अंबडच्या पुढं कांद्याचा टेम्पो मधीच थांबला. ह्यान्नी ब्रेक दाबला. साहेबराव, गाडी थांबलीच न्हाई. तू लिव्हलं बराबर तसंच, आवाज न करता पुढं सरकत गेली, मंग मागचं अंग एका बाजूला फिरलं अन् आम्ही रोडच्या खाली बाभळीत जाऊन उभे राह्यलो. कुणाला लागलं न्हाई. कुणाचीतरी कोंबडी पिशवीतून सुटून समद्यांच्या डोक्यावरून उडाली अन् माणसं हसायला लागली. ह्ये पण हसले, म्हणले ब्रेक आवळून घ्यायला पाहिजेत. माझी बोटं पुढच्या दांडीवरून सुटंनात, ती त्यान्नीच एकेक करून सोडवली. मंग खाली उतरून वाकून चारी चाकं बघून आले. मला वाटलं, आता काढतेत टायर. दुसऱ्या दिवशी गाडी तशीच निघाली, तसल्याच जोरात.

मी काय न्हाई करून बघितलं. भांडले. जेवण सोडलं. सासूबाईला मधी घातलं तर त्या म्हणल्या, पोराचं आत्ता कुठं नाव झालंय, तू नजर लावू नको. एक दिवस दुपारी ह्ये झोपलेले बघून मी टायरात खिळा ठोकायला गेले, तर खिळाच वाकला. हस तू. मी बी हसले, अन् मंग तिथंच चाकाला टेकून रडले. माझ्यानं काईच होईना रे. एवढ्या चांगल्या माणसाला त्याच्या चांगल्या दिवसातून खाली उतर म्हणायचं, अन् तेही मी.

पाऊस लागला की मला भ्या न्हाई, चिखलात ते टायर गुणाचेच हायेत. पण तवर ऊन हाये, लग्नसराई हाये, जीप टपापर्यंत भरून हायवेला धावती.

तवा मी एक ठरवलंय. तू बोल लावशील, लाव. सुजाताला सुटी लागली. उद्यापासून तिला मांडीवर घेऊन मी पुढं बसणार हाये. परवा तिला अंबडपर्यंत नेल्तं तवा बघितलं, पोर शेजारी असली की ते अशी हाकतेत की सायकलवाला पुढं जातो. रोजची माणसं जीपीत असतेत, त्यांची बी लेकरं असतेत, म्हणून घरी बसून तर ऱ्हाववत न्हाई. सासूबाईला सांगितलं, पोरीला जालना दाखवते. पोर खूश हाये, फ्रॉक काढून ठेवलाय. दाजी तर माझ्यापेक्षा खूश, त्यान्नी तिच्यासाठी उशी आणून ठेवली. तिची बी सवय झाल्यावर काय करायचं, ह्येचा विचार मी करत न्हाई.

तू जल्दी पत्र धाड. वर गोड काई लिहू नको, पारख-बिरख बिलकुल नको. पहिल्याच ओळीत टायर काढा म्हणून लिव्ह, अन् त्याच्याखाली काईच लिहू नको, म्हंजे स्टँडवर वाचलं तरी तेवढंच वाचावं लागंल.

सुजाता हट्ट करून राह्यली, तिला खाली जागा सोडते.

तुझ्या भरवशावर बसलेली
बेबीताई

मामा जयभीम. मी उद्या पप्पाच्या गाडीत पुढे बसणार आहे. मम्मीच्या मांडीवर. रोज.
सुजाता