जबड्यातला माझा अर्धा हिस्सा

मंगळवार, १४ ऑगस्ट २०१८ रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, वाइनिसावूच्या खडी-खाणीत, माझा मुलगा तोमासी दगड फोडणाऱ्या यंत्राच्या जबड्यात उतरून अडकलेला धोंडा काढत असताना माझा भाचा एपेली याने यंत्र सुरू केले.

मी, लोसालिनी तुइनाकेलो, वय एकाहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. टाकून पाहावा.

१. घर आणि भांडीकुंडी सून वासेमाथा हिला. घराखालची जमीन भावकीची आहे; तिच्यावर कोणी डोळा ठेवू नये.

२. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला. तिला कॉन्व्हेंटमध्येच घालावे. सिस्टरांनी मला छड्या मारल्या, पण खरे ते सरळ वाक्यात लिहायला शिकवले.

३. वाळू तपासायच्या पितळी चाळण्या खाणीवरच्या लाइसाला. त्यातली एक वाकलेली आहे. ती मी अंत्यविधीच्या दिवशी एपेलीच्या तोंडावर मारली. त्याचे पुढचे दोन दात गेले. मला खेद नाही.

जबड्यात उतरणारा माणूस बटणाच्या पेटीला स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली गळ्यात अडकवतो. तोमासीने लावले होते. ती किल्ली आम्हांला मिळाली. ओळखू येण्याजोगी तेवढीच वस्तू उरली होती.

अंत्यविधीला एपेली म्हणाला, "आत्या, गाड्या खोळंबल्या होत्या. वाटलं, हा जेवायला गेला आणि कुलूप काढायला विसरला."

"म्हणून कटरने कापलंस? आत डोकावायला मान मोडली होती का?"

"आवाजात ऐकू आलं नसतं गं."

"यंत्र बंद होतं, मेल्या. आवाज कुठला?"

तेव्हा मारली. आता खाणीच्या कागदावर लिहिले आहे की मृताने कुलूप लावलेच नव्हते.

४. देवमाशाचा दात. पाचव्या दिवशी माझा भाऊ, एपेलीचा बाप वैसाले, गुडघ्यांवर चालत आला आणि त्याने माफीचा दात पुढे धरला. थोरले दीर जोसेफा यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. आमच्या रीतीत दात घेतला की प्रकरण मिटले. कुलूप कापताना पाहणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी आपले जबाब मागे घेतले.

"भावोजी, पोरगा माझा होता. मला विचारलंत?"

"अगं लोसा, पुढे धरलेला दात नाकारतात का कधी? चारचौघांत लाज गेली असती."

"लाज राहिली. तोमासीला निष्काळजी ठरवून राहिली."

तो दात मी जोसेफांच्या कपाटातून उचलला आहे. चोरी म्हणायचे तर म्हणावे. तो वैसालेला परत जाईल. मी तो घेतलेला नाही.

५. यंत्र. नदीतली वाळू काढणे बंद झाल्यावर दगडाची वाळू करायची कल्पना वैसालेची, पैसे माझ्या निवृत्तीचे. म्हणून यंत्र निम्मे माझे. जबड्याला दोन पाती असतात, एक स्थिर, एक हलते. हलते माझे. एपेलीने खरे लिहून दिले, तर ते त्याला. न दिल्यास गॅसने कापून भंगारात.

६. माझी शवपेटी चर्चच्या नव्या सभागृहात नेऊ नये. त्या दुपारचा यंत्राखालचा वाळूचा ढीग नुसता धुतला आणि त्या भिंतींना दिला. आम्ही पुरले तो सगळा तोमासी नव्हता.

सही: लोसालिनी तुइनाकेलो
साक्षीदार: लाइसा वेरेमालुआ; शिवपाल (ट्रकचालक)
वाइनिसावू, ६ फेब्रुवारी २०१९

प्रत वैसाले यांस.

आपल्यात बहीण-भावाने समोरासमोर बोलायची रीत नाही, म्हणून लिहिते. कलम पाचसाठी मी माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. शिवपालने गॅसचे नळकांडे आणून ठेवले आहे. तोंडी निरोप नको, दुसरा दात नको, तुमच्या बायकोला रडत पाठवू नका. 'कुलूप लावलेले होते, ते मी कापले' एवढे एपेलीच्या हस्ताक्षरात, त्याच्या सहीनिशी, गुरुवार, २८ फेब्रुवारी २०१९ रोजी दुपारी चारच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे.