होणाऱ्या व्याह्यांबरोबर केलेली जंगलपाहणी

रहाटणी,
शुक्रवार सकाळ (आज दुसरी पाळी आहे, म्हणून बसलोय लिहायला)

तीर्थस्वरूप यशवंतराव दाजींना हिंदुरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि कस्तुराक्काला त्याहून थोडा जास्त वाकून.

तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, इथल्या चौकातल्या वैद्यांकडून पाठवतो. अक्कानं चहातली साखर खरोखर सोडली आहे की नुसतं माझ्या बायकोला, पद्माला, फोनवर सांगते, तेही कळवा. म्हैस व्याली का? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. मला झालं काही नाही, नुसता संताप झाला आहे. फोन केला असता, पण तुम्ही दर दोन मिनिटांनी "बरं, ठेवू का?" म्हणता आणि रागावलेल्या माणसाला तेवढ्यात काही सांगता येत नाही. पत्र तुम्हाला मध्येच ठेवता येणार नाही. (ठेवलंत तरी मला कळणार नाही, म्हणजे माझं बोलणं पुरं होईल.)

दाजी, तुम्ही तीस वर्षं वनखात्यात काढलीत. त्या तीस वर्षांत कधी मौज म्हणून जंगलात जाऊन झोपावं असं तुमच्या मनात आलं का? तुम्ही तर रविवारची वाट बघायचात, डोक्यावर पत्रा आणि खाली खाट मिळावी म्हणून. इथली माणसं चांगले चौथ्या मजल्यावरचे फ्लॅट सोडून, वर भाडं भरून, तंबूत जाऊन झोपतात आणि सकाळी फोटो टाकतात. टाकू देत. माझं काही म्हणणं नव्हतं. पण हे प्रकरण आमच्या घरात शिरलं ते सईच्या लग्नाच्या वाटेनं.

सईनं मुलगा पसंत केला आहे. (अक्काला पद्मानं हे केव्हाच सांगितलं असणार, पण तुम्ही मात्र माझ्याकडूनच पहिल्यांदा कळलं असं समजून वाचा.) मुलाचं नाव स्वानंद, पुनावळ्यात राहतो, तिच्याच ऑफिसात आहे. मुलगा चांगला आहे, हे मी रागातसुद्धा कबूल करतो. मी म्हटलं, ठीक आहे, रविवारी घरी बोलवा, पद्मा पोहे करेल, आम्ही बोलू. तर आमची मुलगी म्हणाली, पोह्यांवर माणसं कळत नाहीत बाबा, दोन्ही घरांनी मिळून दोन दिवस जंगलात राहायला जायचं असं आम्ही ठरवलंय. डोंगर चढताना माणूस खरा कसा आहे ते दिसतं म्हणे. मी बावीस वर्षं कुरुळीला कंपनीत गाडीच्या सीटचे सांगाडे तपासतोय. सांगाडा खरा कसा आहे ते बघायला मी त्याला कधी डोंगरावर नेलेलं नाही. हे मी बोलून दाखवलं. कुणी हसलंही नाही.

मग जागा निवडायचं सुरू झालं, आणि त्यासाठी मोबाइलवर एक ग्रुप निघाला. त्यात आम्ही तिघं आणि ते तिघं: स्वानंद, त्याची आई विजयश्रीबाई आणि त्याचे वडील गुरुदत्त. हे गुरुदत्त निवृत्त शिक्षक, विषय भूमिती. मी ग्रुपवर काहीही लिहिलं की ते आधी माझं शुद्धलेखन सुधारायचे आणि मग उत्तर द्यायचे. पहिली जागा निघाली धरणाच्या काठावरच्या तंबूंची. तिथं मोठ्यानं गाणी लावतात म्हणून गुरुदत्तांनी ती उडवली. दुसरी निघाली एका किल्ल्यावरची. तिथं संडास नाही म्हणून पद्मानं ती उडवली (आणि विजयश्रीबाईंनी लगेच पसंतीचा अंगठा दाखवला, या दोघींचं तेव्हापासूनच जमलं होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं). मी निगडीच्या दुर्गा टेकडीचं नाव सुचवलं. झाडी आहे, चढ आहे, बसनं जाता येतं आणि संध्याकाळी आपापल्या घरी झोपता येतं. यावर सईनं जे लिहिलं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. तिला ते बहुतेक एकट्या स्वानंदला पाठवायचं होतं, चुकून ग्रुपवर पडलं. "बाबांना विचारूच नकोस, ते कशालाही नाहीच म्हणतात." मिनिटभरात तिनं पुसून टाकलं. पण मी वाचलं होतं. गुरुदत्तांनीही वाचलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी माझं शुद्धलेखन सुधारलं नाही.

शेवटी आंबोळेवाडी ठरली. राजगुरुनगरच्याही पश्चिमेला, राखीव जंगलाच्या कडेला गावकऱ्यांनीच तंबूंची सोय केली आहे आणि जंगलात दोन तासांची चक्कर मारता येते. मी म्हटलं, माल न तपासता आत घ्यायचा नसतो, मी आधी जाऊन बघून येणार. गुरुवारी कंपनीला सुट्टी. तर लगेच गुरुदत्तांचा निरोप, मीही येतो. मी नाही म्हणणार होतो. पण कशालाही नाहीच म्हणणारा माणूस अशी आपली ख्याती झालेली, म्हणून हो म्हटलं. दाजी, आयुष्यात एकदा हो म्हटलं आणि ते हे.

काल सकाळी सहाला गुरुदत्त त्यांची गाडी घेऊन आले. पाठीवर पिशवी, गळ्यात शिट्टी, पायात डोंगरात घालायचे जाडजूड बूट. पंचवीस वर्षांपूर्वी घेतले आणि जपून ठेवले, असं अभिमानानं सांगितलं. गाडी चाळीसच्या वर नेली नाही. ज्या कुरुळीला मी रोज जातो तिच्यावरूनच सुट्टीच्या दिवशीही जावं लागलं, आणि चाकणच्या चौकात कंटेनरांच्या मध्ये पाऊण तास उभे होतो. तेवढ्या वेळात त्यांनी मला काटकोन म्हणजे काय ते समजावलं. मला, दाजी! ज्याच्या खिशात सुट्टीच्या दिवशीही मोजपट्टी असते त्याला!

आंबोळेवाडीचे तंबू मी तपासले. खुंट्या पक्क्या, कापड ठीक, संडास स्वच्छ. नावं ठेवायला जागा सापडेना याचा मला जरा त्रासच झाला. तिथल्या बाईंनी सांगितलं की दगडांवर लाल बाण काढलेत, बाणाबाणानं गेलात की दोन तासांत परत इथंच याल. पहिला तास बाण बरोबर होते. मग एका ओढ्यापाशी दोन वाटा फुटल्या आणि बाणाचा दगड पालथा पडलेला. गुरुदत्तांनी मोबाइल काढला, रेंज नाही. सूर्याकडे बघून त्यांनी कसलासा कोन काढला. आम्ही डावीकडची वाट धरली आणि अर्ध्या तासात कारवीच्या रानात असे घुसलो की पुढचं दिसेना आणि मागचं ओळखू येईना. तेवढ्यात त्यांच्या त्या जपून ठेवलेल्या बुटाचा तळ निघाला. अख्खा. जबडा उघडल्यासारखा. मी माझ्या कंपनीच्या ओळखपत्राची दोरी काढून तो बांधला. दहा पावलांवर दुसऱ्याचाही निघाला. तो त्यांच्या शिट्टीच्या दोरीनं बांधला. एवढं करून हा माणूस दर पाच मिनिटांनी थांबायचा आणि म्हणायचा, वा, काय निसर्ग आहे! घोटघोट करून माझ्या बाटलीतलं पाणीही त्यांनीच संपवलं.

तिथं माझं डोकं फिरलं. मी बोललो. मी म्हटलं, निसर्ग गेला खड्ड्यात, तुमच्या पोराच्या डोक्यातून हे खूळ निघालं, नाहीतर आत्ता घरी गादीवर बसून सगळं ठरलं असतं. ते म्हणाले, "गादीवर बसून तुम्हीच ठरवलं असतं. तुमच्या घरात त्या मुलीचं कुणी कधी पुरतं ऐकून घेतलंय का?" दाजी, त्यांना मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. हे पत्र अक्काही वाचेल. मग ते एका दगडावर बसले, मी दुसऱ्यावर, एकमेकांकडे पाठ करून. मनात म्हटलं, मोडलं. सईचं लग्न मोडलं, आणि मोडलं ते आपल्या तोंडानं. आता घरी जाऊन तिला काय सांगायचं?

बराच वेळ गेल्यावर मागून आवाज आला, "हिंदुराव, रागावू नका. मला जरा धाप लागलीय." वळून बघतो तर माणूस पांढरा फटक. मी धावलो. तर म्हणे दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय. गोळ्या खिशात होत्या, एक जिभेखाली ठेवली. दर पाच मिनिटांनी थांबत होते ते निसर्गासाठी नव्हे, दमासाठी! मी अक्षरशः ओरडलो, "अहो, आधी सांगायला काय झालं होतं?" तर म्हणाले, घरी जिनासुद्धा चढू देत नाहीत. पोरगा हौसेनं दोन्ही घरांना डोंगरावर नेतोय. तिथं सुनेच्या माणसांदेखत मी पहिल्या चढाला बसलो तर त्याला कसं वाटेल? म्हणून आधी एकदा गुपचूप चालून बघायचं होतं. घरी त्यांनी सांगितलं होतं की नुसते तंबू बघून येतो.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं? आणि न रागवायचं तरी कसं? मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि टोपीनं वारा घालत बसलो. वारा घालता घालता मीही बोलून गेलो, जे पद्मालाही कधी बोललो नाही. सई दहावीत असताना मी आणि ती शेवटचे दोघंच कुठं गेलो होतो. मग माझ्या पाळ्या, तिचे क्लास, तिची नोकरी. दोन दिवस तिच्याबरोबर तंबूत बसलो तर बोलायचं काय, हेच मला माहीत नव्हतं. म्हणून जी जागा निघेल ती मी उडवत होतो. गुरुदत्त डोळे मिटूनच म्हणाले, "तिचं तुम्ही ऐकत नाही असं मी म्हणालो ते चुकलं. तुम्ही घाबरता." एरवी असं कुणी बोललं असतं तर मी उठून गेलो असतो. पण त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

त्यांच्या तोंडावर रंग आला तेवढ्यात कारवी हलली आणि शेळ्यांमागून एक म्हातारी बाहेर आली. अंबूबाई नाव. कमरेला कोयता. आमच्याकडे बघून म्हणाली, "काय रं बाबांनू, हितं काय करतायसा?" मी सांगितलं, वाट चुकलोय, यांना बरं नाही, गाव किती लांब आहे? तिनं कोयत्यानं कारवी बाजूला केली. पलीकडे हाकेच्या अंतरावर तंबू! मघाशी मी तपासलेले, तेच! "आवाज आमच्या वाडीपातुर येत व्हता," ती म्हणाली, "आमी म्हनलं वाटणीचं भांडान हाय, मधी कशाला पडा." तिनं आम्हाला घरी नेलं, बिनदुधाचा चहा आणि नाचणीची भाकरी दिली, आणि गुरुदत्तांच्या बुटांकडे बघून इतकी हसली की शेवटी आम्हीही हसलो. गावातल्या डॉक्टरांनी तपासून ठीक आहे म्हटलं, तेव्हाच मी त्यांना गाडीत बसू दिलं. गाडी मी चालवली.

खरा संताप तर याच्यापुढेच आहे. दुपारी चारला आम्ही रहाटणीत पोचलो. पाहणीचं काय काय सांगायचं ते वाटेत दोघांनी मिळून ठरवलं होतं. घरात बघतो तर विजयश्रीबाई आमच्या कोचावर बसलेल्या, पुढ्यात पोहे! पद्मा आणि त्या सकाळपासून बसून होत्या. साखरपुड्याची तारीख ठरली होती, पिंपळे सौदागरचं कार्यालय सांगून झालं होतं, आणि जंगलातला मुक्काम रद्द, थंडीत कोण मरतंय तिकडे, असं दोघींनी ठरवून मुलांना कळवूनही टाकलं होतं. आम्ही दोघं अंगावर कारवीची कुसं घेऊन दारात उभे. जागा कशी आहे हे एकीनंही विचारलं नाही! आम्ही दोघांनी ग्रुपवर निषेध नोंदवला. (गुरुदत्तांनी माझं शुद्धलेखन सुधारून.) विजयश्रीबाईंनी त्यावरही अंगठा दाखवला.

तर हे असं आहे. जंगल, तंबू, डोंगर हे सगळं थोतांड आहे आणि निवृत्त शिक्षकांबरोबर कुठंही जाऊ नये, हे माझं अनुभवाचं मत तुम्ही गावात सर्वांना सांगावं. अक्काला नमस्कार.

तुमचा,
हिंदुराव

ता. क. ओढ्यापाशी डावीकडे वळायला मीच सांगितलं होतं. गुरुदत्तांचा कोन उजवीकडचा होता. वर "आम्ही" असं मोघम लिहिलंय ते चालवून घ्या.

दुसरा ता. क. पत्र लिहायचं मूळ कारण राहिलंच. तुमच्या ओळखीनं चांदोलीकडे जंगलालगत एखादी खोली किंवा तंबू जानेवारीत मिळेल का? फक्त दोघांसाठी. चढ कमी हवा, सावली हवी. गुरुदत्तांच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करून विचारलंय, सपाटीवर चालायला हरकत नाही म्हणाले. घरी आम्ही लग्नाची आमंत्रणं द्यायला तुमच्याकडे शिराळ्याला चाललोय असं सांगणार आहोत, तेव्हा अक्काला सांभाळून घ्या.

तिसरा ता. क. पाकिटावर पिनकोड घालायला सईकडे दिलं, तर तिनं सगळं पत्र वाचून काढलं. पानांची पुन्हा नीट घडी घातली. मग म्हणाली, बूट माझे मी आणीन. तेव्हा दाजी, दोघांचे तिघं करा.