हलणारं काही उमटत नाही

११ जानेवारी

पोहोचलो एकदाचा चेन्नईत. ऑफिस सिरुसेरीला आणि मी घर घेतलंय तिरुवान्मियूरला, म्हणून टीममधल्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. ऑफिसच्या दारात नवे टॉवर उभे असताना रोज एवढा प्रवास कशाला? पण टॉवरच्या खिडकीतून दुसरा टॉवर दिसतो. इथून चालत गेलं की समुद्र, आणि समुद्रावर पूर्वेचा उजेड. आम्ही नाशिकचे लोक सूर्य समुद्रात बुडताना पाहायला कोकणात जातो. इथे तो समुद्रातून वर येतो. माझ्या कॅमेऱ्याला एवढं कारण पुरे आहे.

घरमालक बालाजीराव आणि त्यांच्या पत्नी राजसबाई. तंजावरकडचे मराठी. ते खाली राहतात, मी वर. देशावरून मराठी भाडेकरू आला म्हणून दोघांना इतका आनंद झाला की सामान उतरवायच्या आधीच हातात काप्पी, म्हणजे कॉफी. त्यांचं मराठी ऐकून मलाच लाज वाटली. ते म्हणतात, "आम्हांस तुमचा सहवास घडला, संतोष वाटला," आणि मी म्हणतो, "अॅक्च्युअली मला पण." मध्येच तमिळ शब्द येतात, सुरावट तर पूर्ण तमिळ.

बालाजीराव रेल्वेतून निवृत्त झालेत. वय झालंय, पण पाठ अशी ताठ की माझ्यासारख्या कॉम्प्युटरपुढे वाकलेल्याने मान खाली घालावी. कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, आणि खांद्यावर पंचा. मुलगी हरिणी बंगळुरूला असते. घर भरल्यासारखं वाटलं, असं राजसबाई म्हणाल्या. मलाही.

१५ जानेवारी

आज पोंगल. गल्लीभर कोलमच्या रांगोळ्या, दारोदारी ऊस. मी पहाटेच समुद्रावर जाऊन आलो आणि सपाट, बेचव फोटो काढून परतलो. मग रागाने नवा काळा फिल्टर काढला. ही काच लेन्सवर चढवली की उजेड थेंबाथेंबाने आत येतो, शटर काही मिनिटं उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात लाटांचं दूध होतं, ढगांचे पट्टे होतात, आणि हलणारं काही उमटत नाही. जे स्थिर असेल तेच राहतं.

बालाजीरावांना हे फार आवडलं. त्यांनी विचारलं, समोरून चालत गेलेली माणसं मग जातात कुठे? मी म्हटलं, जात नाहीत, नुसती दिसत नाहीत. ते हसत सुटले. स्वयंपाकघरात जाऊन राजसबाईंना म्हणाले, वरचा पोरगा माणसं पुसतो.

शटर उघडं असताना मला काहीच काम नसतं. काच चढवली की कॅमेऱ्यातून पाहिलं तरी काळोख. म्हणून ही वही पिशवीत ठेवायची, जागेवरच लिहायचं, असं ठरवलंय.

२१ जानेवारी

बालाजीराव आता माझ्याबरोबर येतात. नुसतं पाणी आणि आभाळ म्हणजे मिठाशिवाय भात. चौकटीत एक बारीकसा माणूस उभा राहिला की आभाळाला आभाळपण येतं. आणि असा माणूस मला आयता मिळाला! सांगितलं तिथे उभे राहतात, पापणीसुद्धा लवत नसेल. पुढे म्हटलं की पुढे. "झालं" म्हणेपर्यंत हलत नाहीत. कंटाळले तर लांबून एकदाच विचारतात, "पोदुमा?" पुरे का? मी हात वर केला की समजतात, अजून नाही.

राजसबाई म्हणाल्या, संसारात माझं एवढं कधी ऐकलं नाही. ते म्हणाले, तू कधी फोटो काढलास?

२६ जानेवारी, सकाळ

सुट्टी. चेन्नईबाहेरच्या कोवळमच्याही पुढे आलोय, खाडी समुद्राला मिळते तिथे. वाळूचा दांडा मध्येच फुटलाय, त्यातून पाणी बाहेर धावतंय. पलीकडे ढगांचा ढीग आणि त्यामागे सूर्य अडकलेला. अशी जागा आयुष्यात एकदा मिळते.

जाळं आवरणारा एक कोळी काहीतरी बोलून गेला. बालाजीरावांनी सांगितलं, वाळू तिथे पोकळ आहे, फार वेळ उभं राहू नका म्हणतो. मी म्हटलं, एकच फोटो. ते लगेच निघाले. पंचा वाऱ्यावर फडफडत होता, फोटोत धुरकट दिसला असता, म्हणून तो मागून घेतला. माझ्या पिशवीवर आहे. दोनदा खूण करून त्यांना आणखी पुढे नेलं.

शटर उघडलं. पाणी घोट्याशी. उभे आहेत देवळातल्या खांबासारखे.

पाणी गुडघ्याला आलंय. त्यांनी विचारलं, पोदुमा. हात वर केला. ढग आत्ता फुटतोय, आत्ता थांबलो तर सगळं वाया.

उजेड आला! सोनं नुसतं. पाणी कमरेला. पुन्हा विचारलं त्यांनी. अजून थोडं. हा माणूस हलत कसा नाही

२६ जानेवारी, संध्याकाळ

बालाजीराव गेले. एक लाटही आली नाही. खालची वाळू सरकली, ते एकदम छातीपर्यंत गेले, माझ्याकडे बघत होते, आणि मग तिथे फक्त पाणी होतं. मी धावलो. उशिरा धावलो. कोळ्यांनी होड्या घातल्या, काही सापडलं नाही.

पोलिसांना मी सांगितलं की मी पाठमोरा लेन्स बदलत होतो, ते पाय धुवायला पाण्यात उतरले, वळून पाहिलं तर नव्हते. का सांगितलं मी असं? ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि पुढचं प्रत्येक वाक्य त्याला जुळवून घ्यावं लागलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. राजसबाईंनी तर मलाच पाणी दिलं.

२९ जानेवारी

तो फोटो आज पाहिला. शटर बंद व्हायच्या आधी ते गेले होते. म्हणजे ते पुसट दिसायला हवेत, नाहीतर दिसूच नयेत. पण दुधासारख्या पाण्यात बालाजीराव स्वच्छ उभे आहेत, वेष्टीच्या काठासकट. तोंड माझ्याकडे.

माझ्या हातून निघालेला हा सगळ्यात चांगला फोटो आहे. हे मी लिहितोय, याची मला शरम वाटते. पुसून टाकायला बसलो होतो, पुसला नाही.

२ फेब्रुवारी

देह मिळालेला नाही. हरिणी आलीय. आज त्यांचे वाद्यार आले होते, म्हणजे घरचे भटजी. त्यांनी समजावलं, देह नसेल तर दर्भाचा पुतळा करून दहन करता येतं, पण बुडताना डोळ्यांनी पाहिलेला कोणीतरी हवा. कोणी पाहिलं नसेल तर माणूस हरवला असं धरायचं आणि बारा वर्षं वाट पाहायची. तोवर ना दहन, ना पिंड. तो अर्ध्या वाटेवर राहतो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी पाहिलं नाही. हरिणीने खोदून विचारलं तर राजसबाईंनीच तिला थांबवलं. लेकराला छळू नको म्हणाल्या.

लेकरू! एका शब्दात त्या माणसाची सुटका होत होती आणि मी गप्प बसलो. "पाहिलं" म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, पाहत होतास तर काय करत होतास? त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे.

राजसबाईंनी कुंकू ठेवलंय. सकाळी दोन काप्प्या करतात आणि एक गार होऊ देतात.

९ फेब्रुवारी

हरिणी परत गेली. घरात बसवेना म्हणून पळ्ळीकरणैच्या दलदलीवर गेलो. फ्लेमिंगो आले होते. काळी काच लावून एक फोटो काढला, समोर चिटपाखरू, म्हणजे माणूस, नव्हता.

घरी येऊन मोठा करून पाहिला. लांब, लव्हाळ्यांपाशी एक पांढरा ठिपका. वेष्टी आहे ती.

१३ फेब्रुवारी

काच न लावता काढलेल्या फोटोत कोणी नसतं. काच लावून शटर उघडं ठेवलं की ते असतात. दर वेळी आधीपेक्षा जवळ. आज मुद्दाम पाण्यापासून दूर, गच्चीवरून खालच्या रस्त्याचा काढला. दुपारचं कोरडं डांबर. बालाजीराव आमच्या फाटकासमोर आहेत, पण कमरेपासून वरच. खालचा भाग रस्त्यात बुडालाय. डांबर म्हणजे पाणी असल्यासारखे ते त्यात उभे आहेत, हात दोन्ही बाजूंना सरळ.

ते अजून हललेले नाहीत. मी "झालं" म्हटलेलंच नाही त्यांना.

म्हटलं. गच्चीवरून ओरडून म्हटलं. पुन्हा फोटो काढला. छातीपर्यंत बुडालेत, आणि फाटकाच्या आत.

१७ फेब्रुवारी

खाली गेलो होतो. सांगायचंच, असं ठरवून. राजसबाई तांदूळ निवडत होत्या. मी तोंड उघडलं आणि दातांखाली वाळू करकरली. जिभेवर, घशात, खारट. शब्द फुटेना.

त्याच बोलल्या. ते स्वप्नात येतात म्हणे. पाय दुखतात म्हणतात, आणि पुरे का, पुरे का, असं विचारत राहतात. कोणास विचारतात, ते कळत नाही.

मी पाणी प्यायलो आणि वर आलो. मोरीत थुंकलो तर वाळू पडली.

१९ फेब्रुवारी

ऑफिसला जात नाही. आई फोनवर म्हणाली, निघून ये. बॅग भरली होती. पण मी गेलो तर बारा वर्षं — त्या बाईने बारा वर्षं काप्पी करायची?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात नुसती ती सकाळ. पुन्हा पुन्हा तोच हात वर जातो.

२१ फेब्रुवारी

आज खोलीतच काढला. भर दुपारी, दार लावून. काढायला नको होता. पण ते कुठवर आलेत, हे कळल्याशिवाय —

फरशीवर फक्त डोकं आहे. पलंगाशी. हनुवटी फरशीला टेकलेली. डोळे माझ्याकडे. ओठ उघडे, विचारत असल्यासारखे.

पलंगावरून पाय खाली सोडवत नाहीत.

२४ फेब्रुवारी

राजसबाई वर आल्या. हातात पंचा. पोलिसांनी परत दिलेला, कोरडा. दारातच उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या,

"पाय धुवायास जाणारा पंचा ठेवून जातो कां?"

मी तोंड उघडलं. बोलता आलं नाही. वाळू. त्यांनी पंचाची घडी घातली. मग म्हणाल्या, उद्या सकाळी मला तिथे ने. कॅमेरा घे. ती काळी काचही.

२५ फेब्रुवारी

खाडीच्या मुखाशी. ढग तसेच. राजसबाईंनी गाडीभर पंचा मांडीवर धरला होता. इथे येऊन म्हणाल्या, ते जिथे उभे होते तिथे माझा फोटो काढ. मी मान हलवली, नको. त्या तोवर चालू लागल्या. हात धरायला गेलो तर त्यांनी झटकला. कॅमेऱ्याशी जा म्हणाल्या.

गेलो. त्यांनी सांगितलं आणि मी गेलो.

शटर उघडलंय. त्या वळल्या. लांबून, पण स्पष्ट ऐकू आलं —

"तूं पाहिलंस कीं नाही, तेवढं सांग. सांगेपर्यंत मी हलायची नाही."

घोट्याशी पाणी. नुसतं "हो" म्हणायचंय. तोंड उघडतो आणि वाळू. थुंकतो, पुन्हा तेवढीच. बोटांनी काढतोय —

गुडघे. त्यांच्या शेजारी पाण्यात कोणी नाही. उघड्या डोळ्यांना कोणी नाही.

धावायला हवं. मी लिहितोय. का लिहितोय मी? हात एवढंच करतो —

कमर. डोळे माझ्यावर. वाट पाहतायत. रागाने नाही.

पाहिलं. मी पाहिलं, राजसबाई. त्यांनी दोनदा विचारलं, मी हात वर केला, उजेडासाठी. लिहिलं बघा. लिहिलं मी. हेच ओरडून —

वाळू सरकली. पाणी त्यांच्या छातीशी —

पाहिलं होतं मी पाहि