दादानं पाठवलेली पाटी

प्रिय दादा,

जय भीम.

तू पाठवलेली पाटी पोचली. ती मी कुठे ठेवू? काल संध्याकाळपासून हा प्रश्न घेऊन बसले आहे. पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे तू दिलेलं पार्सल बाबा ताडकळसच्या स्टँडवरून सायकलीवर घेऊन आले. सोडलं तर आत तुझा वॉचमनचा जुना शर्ट, आणि शर्टात गुंडाळलेली काळी चकचकीत पाटी. सोनेरी अक्षरं. सुकेशनी रंगनाथ वाव्हळे, बी.ए. खाली हुद्दा नाही. दुकानदारानं विचारलं असेल ना तुला, खाली काय टाकू म्हणून? मायनं ती पदरानं पुसून बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, "आपल्या खानदानात कुणाच्या नावाची पाटी न्हवती, सुके. उद्या नेऊन ठिव टेबलावर." मी शर्टाची घडी घालत होते. उजवी बाही कोपराच्या वर दुमडून शिवलेली आहे. टाके बारीक आहेत. कुणी शिवून दिली रे?

चिठ्ठी शोधली. शर्टाचा खिसाही पाहिला. नव्हती. तरी दोन वर्षांहून जास्त काळात तुझ्याकडून माझ्यासाठी आलेली ही पहिलीच वस्तू आहे. म्हणून मी पाटीलाच चिठ्ठी समजले आणि उत्तर लिहायला बसले. माझा फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान कुणाच्या तरी हातात पडेल.

लहानपणी घरातला टॉर्च बिघडला की तू तो मला उघडायला द्यायचास. माय ओरडायची, "पोरीच्या हातात काय देतूस, करंट बसंल तिला!" तू म्हणायचास, "सेलाला कुठला करंट, माय? आन् हिला काय बी हुत न्हाई, ही आपली साहेब हाय." तेव्हा तू दहावी होऊन नुकताच बन्सीधरमामांच्या हाताखाली जायला लागला होतास. वीज कंपनीचे वायरमन मामा, पगार मामांना, आणि खांबावर चढणारा तू. मामांचे गुडघे गेले होते. अख्ख्या गावाला वायरमन म्हणून तूच ठाऊक होतास. डीपी उडाली, तार तुटली की माणसं आपल्या दारात येऊन हाका मारायची. कंपनीच्या लेखी मात्र तू कुणीच नव्हतास, म्हणून तुला सगळे झिरो वायरमन म्हणायचे. पुढे पुढे नुसतंच झिरो. तूही हसून ओ द्यायचास.

घरी आलास की मी विचारायची, वरून काय दिसतं? तू नदीचं सांगायचास, "गंगा दिसती. ओढ्याजवळच्या खांबावर चढलं की पार गंगाखेडचा पूल दिसतो, पुलावरून रेल्वे जायलेली दिसती." मला ने म्हणून मी हट्ट धरायची. तू म्हणायचास, "तू शाळा शीक. तुला खुर्चीत बसून दिसंल सगळं."

मी शिकले. दहावीनंतर मी काय घ्यावं हे कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. जवळच्या कॉलेजात आर्ट्स होतं म्हणून आर्ट्स घेतलं. कॉलेजात जाणारी घरात मी पहिलीच, त्यामुळे शिकून काय व्हायचं हे आपल्यात कुणालाच माहीत नव्हतं. अधिकारी एवढा एकच शब्द आपल्याला येत होता. निकाल लागला तेव्हा तू चौकात फ्लेक्स लावलास. माझा फोटो, चष्मा नसताना चष्मा चिकटवलेला, आणि खाली भावी तहसीलदार. मी लाजून आठवडाभर त्या रस्त्यानं गेले नाही. बी.ए. झालं की तहसीलदार होतात असं तुला खरंच वाटत होतं आणि तुझा चेहरा बघून ते खोडून काढायचं माझ्या जिवावर आलं. तो फ्लेक्स आता शेळ्यांच्या छपरावर आहे. मायला अजून हसू येतं. म्हणते, "बग, पोरगी घरी नसली तरी शेळ्या राखायली."

फ्लेक्सची दोरी तू एका हातानं आणि दातांनी बांधली होतीस. ते मात्र आठवलं की कुणालाच हसू येत नाही.

त्या दिवसाबद्दल आपण घरात कधी नीट बोललो नाही. मी आज लिहिते, कारण पुढचं सांगायला ते लागतं. ओढ्याजवळच्या खांबावर जंपर तुटला होता, दोन तारांना जोडणारा तो तुकडा. तू उपकेंद्रात फोन करून लाईन बंद करून घेतलीस आणि चढलास. त्याच लाईनवर शेजारच्या गावात मुंजाजी चढला होता. तोही झिरोच. त्यानंही फोनवरच लाईन बंद घेतली होती. त्याचं काम आधी उरकलं. त्यानं फोन केला, "झालं, सोडा." तूही नेहमी एवढंच म्हणायचास. ऑपरेटरला वाटलं, झालं. त्यानं लाईन चालू केली, तू अजून वरच होतास. कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, दादा. दोन माणसं एका तारेवर होती आणि दोघांपैकी एकाचंही नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. मुंजाजी दवाखान्याच्या दाराबाहेर उभा राहायचा, आत यायचा नाही. तू आजही त्याचं नाव घेत नाहीस.

पट्टी ओली असताना मी तुला घेऊन मोठ्या ऑफिसात गेले होते, काही मदत मिळते का बघायला. टेबलामागच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण यांचं नाव कुठंय आमच्याकडं?" रागानं नाही विचारलं, तेच जास्त लागलं. परत येताना एसटीत तू खिडकीकडे बघत म्हणालास, "टेबलाच्या त्या अंगाला बसलं की माणूस वाचतो, साहेब. तू तिकडं बस." त्या दिवसापासून तू डाव्या हातानं जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायला लागलास. मग पुण्याला गेलास, मला परभणीच्या अभ्यासिकेत बसता यावं म्हणून.

मी बसले. मनापासून बसले. पण उन्हाळ्यात लाईट गेली की अभ्यासिकेतल्या मुली पुस्तकं आपटायच्या, "कुठं मेले हे वायरमन!" मी उठून बाहेर यायची आणि रस्त्यावरच्या खांबांकडे बघत उभी राहायची. माझ्या मनात एकच यायचं, आत्ता कोण चढलं असेल आणि त्यानं कुणाच्या भरवशावर लाईन बंद केली असेल. टेबलाच्या त्या बाजूला बसून मला हे दिसणार नव्हतं. त्या माणसालाही दिसलं नव्हतं. शिवाय दुसरं एक कारण होतं, ते सांगायला मला लाज वाटायची. मला ते काम आवडायचं. टॉर्च उघडायची त्या दिवसांपासून आवडायचं. बी.ए. झालेल्या मुलीनं आयटीआयला जावं हे उलटं चालणं आहे असं सगळ्यांना वाटलं, मलाही आधी वाटलं. पण वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा पक्कड हातात घेतली आणि तारेचा सांधा घट्ट बसला, तेव्हा तीन वर्षांच्या कॉलेजात कधी वाटलं नव्हतं ते वाटलं. हे मला येतं.

तू जयंतीला गावी आला होतास. डोक्याला निळा फेटा होता. मी आयटीआयचं सांगितलं तेव्हा फेटा सोडून तू खाटेवर ठेवलास. "खांबावरच चढायचं व्हतं तर माझा हात कशापायी गेला?" एवढंच बोललास आणि मिरवणूक निघायच्या आत पुण्याची गाडी धरलीस. त्यानंतर मायला फोन करतोस, शेळ्यांची चौकशी करतोस, पावसाची करतोस. माझी करत नाहीस. माय फोन कानाला लावून माझ्याकडे बघत असते, आणि मी उगीच भांडी लावत बसते. 

नेमणूक आपल्याच भागात मिळाली, विद्युत सहायक म्हणून. पहिल्या दिवशी ऑफिसात गेले तर दारात बन्सीधरमामा. पार वाकलेत, पुढच्या वर्षी नोकरीतून सुटणार आहेत. मला बघून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग साहेबांशी आत जाऊन काय बोलले कोण जाणे. बाहेर येऊन म्हणाले, "पोरी, तुला टेबल दिलंय. तक्रारी लिहून घ्यायच्या, फोन उचलायचा. पंखा हाय, खुर्ची हाय. एका घरातली दोन लेकरं मपल्या हातानं वर घालायचो न्हाई मी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझ्यासाठीच होतं ते, इतकी वर्षं साठलेलं. मी घरी येऊन मायला हे सांगितलं आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिनं तुला फोन लावला. "सिद्धू, तिला टेबल मिळालं रे!" पलीकडून तू म्हणालास म्हणे, "खरंच का?" मी चुलीपाशी बसून ऐकत होते. तिच्या हातातून फोन काढून घ्यावा असं वाटलं, पण दोन वर्षांत तू माझ्याबद्दल विचारलेला तो पहिला शब्द होता. मला तो तोडवला नाही.

टेबलावर मी तीन-चार दिवस बसले. तक्रार आली की मी लिहून घ्यायची आणि माझ्या नावावरचं लाईनचं काम करायला दुसराच कुणीतरी निघायचा. कोण निघायचा, सांगू? मुंजाजी. तो अजूनही झिरोच आहे. त्याला दोन मुली आहेत. पहिल्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी दाराशी उभं राहून, चेष्टेचा आव आणून म्हणाला, "मॅडम, तुमी निस्ती सही करा. चढायचं आमी बगताव." आणि हसायचा प्रयत्न केला. तू चढायचास तेव्हासारखंच त्याच्याही पायात काही नव्हतं. अनवाणी. पंखा वर फिरत होता, खुर्ची मऊ होती, आणि दादा, टेबलाच्या या बाजूला बसून मी कुणाच्या तरी दादाला वर पाठवत होते.

आता माय पुढच्या फोनवर तुला सांगेल की पाटी टेबलावर ठेवली. तू रात्रपाळीत गेटवर बसून ते टेबल, ती पाटी डोळ्यांसमोर आणशील, आणि नसलेल्या गोष्टीवर तू सुखी व्हावंस हे मला सोसणार नाही. म्हणून हे पत्र. टेबल मी सोडलं आहे. तुझं पार्सल यायच्या आधीच साहेबांना लिहून दिलं की माझी नेमणूक लाईनवरची आहे आणि माझ्या नावावर दुसरं कुणी चढणार नाही. बन्सीधरमामा माझ्याशी बोलत नाहीत. मायला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगते आहे. आणि परवा वाऱ्यानं ओढ्याजवळचा जंपर पुन्हा तुटला. तोच खांब. मी माझ्या नावानं लाईन बंद ठेवण्याचं लेखी परमिट घेतलं, लाईन बंद असल्याची खात्री केली, तारांना अर्थिंग लावलं, पट्टा बांधला आणि चढले. मुंजाजी खाली उभा होता. मी काही म्हणायच्या आधीच त्यानं आपला फोन बंद करून खिशात टाकला आणि दोन्ही हात छातीशी धरून उभा राहिला. दादा, तिथून गंगा दिसत नाही. पूल नाही, रेल्वे नाही. ऊस दिसतो, आणि उसाच्या पलीकडे आपलं घर दिसतं. शेळ्यांच्या छपरावरचा तो फ्लेक्स दिसतो. माय अंगणात तूर पाखडत बसली होती, तिनं एकदाही वर पाहिलं नाही. तू इतकी वर्षं तिथून आम्हाला बघत होतास आणि आमच्यापैकी कुणीच कधी वर पाहिलं नाही. मी काम पुरं केलं. खाली उतरून परमिटवर लाईन सोडायची सही केली, नावाखाली विद्युत सहायक लिहिलं. तुझ्या पाटीवर जी जागा रिकामी आहे, तिथं तेच येतं.

तुझीच,
सुकेशनी