छत्रीतली बाई आणि दुसरी डबी

मी शांताबाई, कै. सदाशिवराव मोहिते यांची पत्नी, राहणार माधवगंज, लश्कर, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घालील असे कोणी या घरात उरलेही नाही. प्रकृती ठीक आहे. पण परवापासून मध्यभारत राज्य नाहीसे होणार आणि माझा मुलगा संभाजीराव कचेरीच्या फायलींबरोबर भोपाळला जाणार, तेव्हा कोणते काय कोणाकडे जाईल ते आधीच लिहिलेले बरे.

१. घर. यंदाच्या नव्या कायद्याने मी या घराची पुरी मालकीण झाले, असे वकील भालचंद्र यांनी सांगितले. ऐकायला बरे वाटले म्हणून मी ते त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतले. माझ्या पश्चात घर संभाजीराव आणि मुलगी उषा यांना निम्मे निम्मे. "ताईला थाटीपुरात क्वार्टर आहे की," असे संभाजीराव पुटपुटला. क्वार्टर सरकारचे आहे. घर माझे आहे.

२. पोस्टातली शिल्लक उषाची. तेराव्याला बासुंदी करू नये. ती मला कधीच आवडली नाही.

३. सिनेमाचे यंत्र. हे आमच्या ह्यांनी हौसेने घेतलेले, हाताने दांडा फिरवून चालवायचे. परदेशात फार पूर्वी निघालेले मुके, जादूचे सिनेमे बारीक फितीवर उतरवून, घरी दाखवण्यासाठी छोट्या डब्यांत घालून विकत असत. तसल्या डब्या हे मुंबईहून मागवीत. दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, दोरीवर धोतर ताणायचे की खेळ सुरू. माणसाचे डोके टेबलावर बसून गप्पा मारी, खुर्च्या आपणहून चालत. मी पिच्छाच पुरवला तेव्हा ह्यांनी सांगितले, "चित्रं घेताना यंत्र मध्येच थांबवतात, वस्तू बदलतात, पुन्हा चालू करतात. थांबलं होतं हे आपल्याला दिसतच नाही." तेव्हापासून मला ती जागा शोधायची खोडच लागली. संस्थान जाऊन मध्यभारत आले तेव्हाही मी डोळे ताणून बसले होते. एके दिवशी कचेरीवरची पाटी बदललेली दिसली, बदलताना काही दिसली नाही.

यंत्र उषाला द्यावे. लहानपणी सिनेमातली गायब झालेली बाई कुठे गेली हे बघायला धोतरामागे गेली होती ती एकटी उषाच.

४. छत्रीच्या सिनेमाची पहिली डबी. यात जादूगार एका बाईला मोठ्या छत्रीखाली बसवतो, छत्री मिटतो आणि बाई गायब. तिथे डबी संपते. पुढचा भाग दुसऱ्या डबीत. ती पडावच्या स्टेशनवर आली तेव्हा हे तापाने अंथरुणाला खिळले होते. माझे धाकटे दीर विश्वासराव ती सोडवून आणायला गेले आणि "आधी मी बघतो, मग आणतो" म्हणून घरी घेऊन गेले. त्याच आठवड्यात हे गेले. पुढे मी डबी मागितली तर म्हणाले, "हरवली, वहिनी." सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवणारा हा माणूस! त्या दिवसापासून मी त्यांच्या घरचा चहा घेतलेला नाही.

तरी पहिली डबी मी विश्वासरावांनाच देते. दुसरी त्यांच्याकडे असेल तर जोडी पुरी होईल. नसेल तर त्यांनीही माझ्यासारखे मिटलेल्या छत्रीकडे बघत बसावे. खरे सांगायचे तर ती बाई परत येते की नाही हे कळल्याशिवाय मला मरायचे नाही.

इथवर मी साक्षीदारांना वाचून दाखवले. शेजारचे दौलतसिंह म्हणाले, "माताजी, मरने के बाद क्यों? अभी बुलवा लो न!"

भालचंद्र म्हणाले, "काकू, उत्तर येईल तेव्हा ऐकायला तुम्ही तर पाहिजेत ना?"

शेजाऱ्याला, वकिलाला एवढे सुचले आणि मला इतकी वर्षे सुचले नाही. मी निरोप धाडला.

५. पुरवणी, त्याच दिवशी. विश्वासराव आले. कोटाच्या खिशातून डबी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"हरवली नव्हती, वहिनी. मी फीत उजेडाला धरून भिंगातून पाहिली होती. आणि दादा गेले. मग तुम्हाला कशी आणून देऊ?"

"म्हणून चोर म्हणवून घेतलंत?"

"घेतलं," ते म्हणाले.

उषाने घोंगड्या लावल्या, संभाजीरावाने दांडा फिरवला. छत्री आपणहून उघडली. बाई जागेवर बसलेली! ती उठून इकडेतिकडे बघते. जादूगार कुठेच नाही, त्याची टोपी तेवढी जमिनीवर पडलेली. मी खूप रडले. विश्वासरावांचा रागही आला आणि मायाही आली. डोळे पुसून मी संभाजीरावाला म्हटले, "पुन्हा लाव. मला ती थांबलेली जागा शोधायची आहे." पुन्हा लावली, तरी सापडली नाही.

सबब कलम ४ रद्द. दोन्ही डब्या यंत्रासोबत उषाकडे राहाव्यात, त्यांची ताटातूट करू नये. उद्या सकाळचा चहा मी विश्वासरावांकडे घेणार आहे. माझ्यामागे कोणी विचारलेच, तर लिहून ठेवते: बाई परत येते. जादूगार येत नाही. ती त्याची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घालते, आपल्याला वाकून नमस्कार करते आणि चालू लागते.

वरील मजकूर माझा, खाडाखोडही माझीच.

सही: शांताबाई सदाशिवराव मोहिते

साक्षीदार:
भालचंद्र रेगे, वकील
दौलतसिंह तोमर, शेजारी
विश्वासराव मोहिते, दीर (कलम ४ आणि ५ ऐकून, मान्य करून)

स्थळ: माधवगंज, लश्कर, ग्वाल्हेर, मध्यभारत (परवापासून जे म्हणतील ते)
तारीख: ३० ऑक्टोबर १९५६