उसना बेडूक

मंगळवार, ८ जुलै

खोली मिळाली! कुरकुंभला, कंपनीपासून चालत दहा मिनिटं. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी. मालकीण विठाबाई, सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणालो. शेजारच्या खोलीत दौंडचा मुजीब, माझ्याच पॅकिंग खात्यातला. ओळख व्हायच्या आधीच त्यानं अर्धं ऑम्लेट माझ्या ताटात ढकललं.

कॉलेज सुटल्याचं आज पहिल्यांदा काही वाटलं नाही. मायानं वर्गात सांगितलं की तिला पुढं बेडकांवर अभ्यास करायचाय. सर तिला बेडकीण म्हणाले, पोरं हसली, माझं डोकं फिरलं आणि मी सरांची कॉलर धरली. दुसऱ्या वर्षातच बाहेर पडलो. मायानं शाबासकी दिली नाही. म्हणाली, तुला मी बोलावलं होतं का? एकदा तरी स्वतःला आवरून दाखव.

आता वर्षभरानं ती भेटायला तयार झालीये. रविवारी, वीस तारखेला, भर दुपारी येणार. मी तिच्यासाठी बेडकाचं घर बांधतोय ते बघायला.

गुरुवार, १० जुलै

दौंडच्या भंगारवाल्याकडून तीन फुटी काचेची पेटी आणली. मधोमध काचेची पट्टी सिलिकॉननं चिकटवली. एका बाजूला चार बोटं पाणी, दुसऱ्या बाजूला खडी, त्यावर नारळाचा भुसा, वर ओली माती. पाण्यातून बाहेर यायला तिरका दगड. लपायला फुटक्या माठाचा अर्धा तुकडा, पालथा. वर जाळी. नळाचं पाणी आधी दिवसभर बादलीत उघडं ठेवायचं, औषधाचा वास जाऊ द्यायचा. हे सगळं मायानं मेसेजवर सांगितलं.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीनं ओढून घेतो. आणि समोरचा किडा हलला नाही तर त्याला तो खाणं वाटतच नाही. हलला की मात्र जीभ थांबत नाही.

मुजीब बघून म्हणाला, च्यायला, बेडकाला वन बीएचके आन् आपल्याला पत्रा!

शनिवार, १२ जुलै

पाऊस दडी मारून बसलाय. सकाळी गल्लीतल्या बायका मुसळाला कडुलिंब आणि बेडूक बांधून पाऊस मागत दारोदार फिरल्या. प्रत्येक दारात त्यांच्यावर तांब्याभर पाणी. दुपारी तोच बेडूक माझ्या मोरीत! सुटून आलेला. तळहाताएवढा, खरखरीत, मागच्या पायाला लाल दोरा. दोरा सोडला, त्याला पेटीत ठेवला. जाऊन पाण्याच्या कडेला बसला, जसा काही भाडेकरूच.

मायाला फोटो पाठवला. तिकडून लाल बदाम आला. वर्षात पहिला.

दोरा माझ्या मनगटाला बांधला. ती येईपर्यंत काढायचा नाही, तिला तसं कळवलंही.

सोमवार, १४ जुलै

विठामावशी बेडूक शोधत आल्या. म्हणाल्या, आरं लेकरा, त्यो हिरीतनं उसना आणलेला जीव हाय. दिस मावळायच्या आत दोऱ्यासकट परत सोडावा लागतोय. ज्याच्या अंगावर दोरा, त्यो हिरीचा.

मी म्हणालो, बेडूक मायासाठी आहे, कुणालाही मिळणार नाही. त्या बोलत होत्या तरी दार लावून घेतलं. नंतर वाईट वाटलं. पण माफी मागायला गेलो नाही.

मंगळवार, १५ जुलै

तहान. शिफ्टमध्ये सहा बाटल्या पाणी प्यालो, सगळं उलटून पडलं. घरी येऊन बादलीत हात बुडवले आणि तहान गेली.

कोपरापर्यंत बुडवून तासभर बसलो. बादलीतलं पाणी कमी झालं होतं.

गुरुवार, १७ जुलै

बेडूक नेऊन विहिरीत सोडला. मागं न बघता बुडाला. मावशींचे पाय धरले. त्यांनी माझं मनगट बघितलं आणि तिथंच खाली बसल्या. म्हणाल्या, बेडकाचं काय घिऊन बसलास, दोरा कुठं हाय?

दोरा निघत नाही. ब्लेड घातलं, ब्लेड मोडलं. कातडी दोऱ्यावरून चढलीये. आता आतून लाल रेघ दिसते फक्त.

मावशी केडगावला निघाल्या, त्यांच्या माहेरी कुणी जुनी बाई आहे तिला विचारायला. सोमवारी येतील. माझ्या खोलीची दुसरी चावी मुजीबकडे ठेवली.

सोमवारी. माया रविवारी येणार.

शुक्रवार, १८ जुलै

कामावर गेलो नाही. दार उघडलं, ऊन अंगावर पडलं, कातडी तडतडली. परत मोरीत.

अंगावरची साल निघाली. ओल्या मोज्यासारखी, सबंध. हातात धरून बसलो होतो. मग ती माझ्या तोंडात होती. मी गिळली. कुणी मला सांगितलं नव्हतं.

मायाला येऊ नको कळवायचंय. ओल्या बोटांनी फोन उघडत नाही. पुसतो, पुन्हा ओली होतात.

शनिवार, १९ जुलै

मुजीबला हाक मारली. घशातून भलताच आवाज. त्यानं पलीकडून भिंतीवर थाप मारली, ओरडला, आरं तुझा बेडूक गप कर की!

रोजनिशीचं पान फाडलं. लिहिलं: माया, येऊ नकोस. दाराखालून सारलं. मुजीबनं उचललं, मोठ्यानं वाचलं, हसला. म्हणाला, पुन्हा डोकं फिरलं व्हय रं तुझं? रुसून काय हुतंय, उद्या मीच आणतो वहिनीला, चावी हाय माझ्याकडं.

लॅच ओल्या बोटांत फिरेना, मी दारावर डोकं आपटलं. तो म्हणाला, आपट, आपट.

किती वेळा माझं डोकं फिरलंय. आता कोण खरं मानणार —

पालीकडे बघत होतो. ती भिंतीवर होती. शेपूट हलली. मग भिंतीवर नव्हती. मी जागचा हललो नव्हतो. फक्त तोंड —

रविवार, २०

पेन बोटांत राहत नाही. बोटांमधे पडदा —

पेटीत मावत नाही. मोरीत बसलोय. पाणी बरं वाटतं. हेच वाईट.

भूक.

रिक्षा थांबली. तिचा आवाज. मुजीब हसतोय. त्याला दुकानात पाठवतेय, थंड आणायला. एकटी —

चावी.

दारात आहे. निळा ड्रेस. हातात डबा. मला बघितलंय. ओरडली नाही. दगडासारखी उभी. शहाणी माझी. तशीच राहा. हलू नकोस. तुला माहितीये, तूच सांगितलंस, हललं नाही तर —

आवरतोय. माया, बघ, आवरतोय मी. डोळे मिटत नाहीत पण आवर —

डबा ठेवला नाही. नुसती बघतेय. मनगटातली लाल रेघ दिसली तिला. ओळखलं. रडतेय. पाणी गालावरून खाली — ते हलतंय —

नको. हात पुढं करू नको. माया, ह